दांतांच्या तारा आणि घरची घाई

आमच्या दिवाणखान्यांत पुतणीच्या लग्नाचें एक छायाचित्र टांगलेलें आहे. त्यांत माझी थोरली मुलगी अगदीं मनमोकळी हंसत आहे. गेल्या तीन वर्षांत काढलेल्या एकाही छायाचित्रांत मात्र तिचे दांत दिसत नाहींत. ही गोष्ट माझ्या ध्यानांत फार उशिरा आली. आणि आली तेव्हां धाकटीच्या दांतांचा प्रश्न दारांत येऊन उभा होता.

थोरलीचें असें झालें. तेराव्या वर्षीं तिचे पुढचे दांत एकावर एक चढलेले दिसूं लागले. कोपऱ्यावरच्या दवाखान्याची पाटी मोठी आणि पायऱ्या थोड्या. सोबतीस येणाऱ्या सासूबाईंना चढउतार सोपी, एवढ्या एका गुणावर आम्हीं तो पसंत केला. सोयरीक जुळवितांना चार पिढ्यांची चौकशी करणाऱ्या आमच्या घरानें त्या गृहस्थांचें शिक्षण काय, एवढेंही विचारलें नाहीं. एक्स-रे नाहीं, दांतांचा साचा नाहीं. दुसऱ्याच दिवशीं तारा बसल्या! पुढें पुतणीचें लग्न ठरलें, आणि फोटोंत तारा दिसतील म्हणून त्या लवकर काढाव्यात, असा आग्रह मींच धरला. त्यांनीं मुकाट्यानें काढल्या. दांत सरळ दिसत होते. आम्हीं पेढे वाटले. दोन वर्षांच्या आंत ते पुन्हां आपल्या जुन्या वळणावर गेले.

म्हणून या खेपेस घरांत रीतसर खल झाला. मोठे भावोजी म्हणाले, सर्वांत स्वस्त कोण तें पाहावें. जाऊबाईंनीं जाहिरात पुढें केली. सासूबाईंच्या मतें मुलीच्या जातीचें, म्हणून लवकर उरकावें. ह्यांनीं मात्र आधीं कोण कशाचा जाणकार तें समजून घेऊं म्हटलें, आणि तेंच खरें ठरलें. दंतवैद्यकाची पदवी पांच वर्षांची. तिच्यापुढें आणखी तीन वर्षें केवळ दांत व जबडे यांच्या ठेवणीचा अभ्यास करून जो एम. डी. एस. होतो, तो ऑर्थोडॉन्टिस्ट. पाटीवर हें स्पष्ट नसेल तर विचारण्यास संकोच करूं नये. खर्चाची अडचण असेल त्यांनीं दंत महाविद्यालयाचा मार्ग धरावा. मुंबईचें नायर रुग्णालयाचें महाविद्यालय 1933 पासूनचें आहे. अशा ठिकाणीं पदव्युत्तर विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखालीं काम करतात. वेळ अधिक मोडतो, पैसा पुष्कळ वांचतो.

आम्हीं तीन ठिकाणें पाहिलीं. पहिल्या दोन ठिकाणीं सगळें बोलणें आमच्याशीं झालें. तिसऱ्या ठिकाणच्या बाईंनीं प्रथम धाकटीलाच विचारलें, "तुला स्वतःला काय वाटतं?" आम्हां कोणाला हा प्रश्न सुचला नव्हता.

मग त्यांनीं समजावून सांगितलें. दांत हाडांत खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. तारेचा मंद दाब पडला कीं दाबाच्या बाजूचें हाड झिजतें आणि मागें मोकळ्या झालेल्या जागीं नवें हाड भरतें. हें काम निसर्गाच्या गतीनें चालावयाचें. दाब वाढविला तर गति वाढत नाहीं, मुळांना इजा होण्याचें भय मात्र वाढतें. म्हणून बहुधा दीड-दोन वर्षें लागतात. तारा काढल्या तरी हिरडीतील तंतु दांतांस जुन्या जागीं ओढूं पाहतात. त्यासाठीं रिटेनर वर्षानुवर्षें सांभाळावा लागतो. हें सर्व त्यांनीं खर्चाच्या आंकड्यासह कागदावर लिहून दिलें. रिटेनर हा शब्द आमच्या घरानें त्या दिवशीं प्रथमच ऐकला.

धाकटीला नववें वर्ष. तिच्या दुधाच्या दाढा अद्याप पडावयाच्या आहेत. एक्स-रे पाहून बाई म्हणाल्या, "सातव्या वर्षीं एकदा दाखवायला हवं होतं, पण दाखवणं म्हणजे तारा बसवणं नव्हे. आज काहीच करायचं नाही. सहा महिन्यांनी या." पैसा समोर आला असतां "थांबा" म्हणणारा वैद्य भेटणें, याहून मोठें प्रशस्तिपत्र कोणतें?

आम्ही उठणार, तोंच कोपऱ्यांत बसलेली थोरली हळूच म्हणाली, "आणि माझं? आता उशीर झाला का?"

बाईंनीं खुर्ची तिच्याकडे वळविली. "हिरड्या आणि हाड निरोगी असलं की वयाचा अडसर नाही. पण तारा कधी काढायच्या ते मी सांगेन, आणि रिटेनर तू सांभाळायचा. कबूल?"

तिनें माझ्याकडे पाहिलें. माझी मान खालीं गेली. दोष कोपऱ्यावरच्या त्या गृहस्थांना देण्याची मला संवय झाली होती; पण फोटोची घाई त्यांची नव्हती. मीं एवढेंच म्हटलें, "कबूल. मध्यें घरांत कोणाचंही लग्न निघालं तरी कबूल."

ती हंसली; तोंडावर हात ठेवून. तो हात खालीं येण्यास दीड-दोन वर्षें लागतील. लागूं देत.