तंबोरा जुळेपर्यंत

माझ्या लहानपणी मिरजेत रियाज सुरू व्हायचा तो तंबोऱ्याच्या गवसणीची गाठ सोडण्यापासून. गवसणी उतरवायची, भोपळा कोरड्या फडक्यानं पुसायचा, मग खुंट्यांना हात घालायचा. हवा बदलली की खुंट्या सरकत, म्हणून त्यांना खडू लावून ठेवलेला असे. आधी जोडीच्या तारा, मग पंचम, शेवटी खर्ज. खुंटीनं जमेल तेवढं जमवलं की घोडीच्या खालच्या अंगाला असलेले मणी केसभर वर, केसभर खाली. एवढं करूनही काम संपत नसे. घोडीवर तारेखाली सुताचा धागा सारायचा आणि तो इतका हळू मागेपुढे करायचा की एका जागी तार एकदम बोलायला लागते. खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार ऐकू येईपर्यंत आमचे बुवा तोंडातून आकार काढू देत नसत.

यात पाव तास सहज जाई. तेवढ्या वेळात कुणी बोलत नसे, बोलताच येत नसे. कान तारांच्या मागे लागलेला असे. शाळेतलं भांडण, उद्याचा गणिताचा पेपर हे सगळं आपसूक मागे पडे आणि सा लावायची वेळ येई तेव्हा मन सा-वर येऊन बसलेलं असे. ‘एकाग्र हो’ असं बुवांनी कधी म्हटल्याचं मला आठवत नाही. म्हणायची वेळच येत नसे.

आमच्या गावाची गोष्टही वेगळी होती. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात इथं तंतुवाद्यं करायला घेतली आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी तोच हात तंबोऱ्या-सतारींना लावला. भोपळे यायचे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथं शिकवत, विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांच्याकडेच तयार झाले. अब्दुल करीम खाँसाहेब तर मिरजेचेच होऊन गेले; 1937 साली ते गेले, त्यांची कबर मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे. अशा गावात पहाटे कुणाच्या घरातून खर्ज ऐकू आला नाही, तर शेजारी दार वाजवून विचारत, ‘आज बरं नाही का गं?’ नियमितपणा एकट्याच्या जिवावर पेलायचा नसे, सबंध गल्ली त्याला हात लावून असे.

आणि शिकायला मिळे ते थोडं. भीमसेन जोशी 1936 साली कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे राहिले, तिथल्या तालमीत भर मुख्यतः तोडी, मुलतानी आणि पूरिया या तीन रागांवर होता. पुढे त्यांच्या गळ्यातून किती राग किती सहज उलगडले ते सगळ्यांनी ऐकलं आहे. आमच्या बुवांकडेही एक पलटा महिनामहिना चाले. कंटाळा येई, मग कंटाळ्याचाही कंटाळा येई, आणि त्याच्या पलीकडे कुठेतरी तो पलटा गळ्यात उतरे. वहीत लिहून घ्यायची परवानगी नसे. बंदिश आधी पाठ व्हायची, मग कागदावर यायची. शनिवारी रात्री आकाशवाणीवर संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम लागे. 1952 पासून चालत आलेला. तो एकदाच कानावर पडणार हे माहीत असल्यामुळे जांभई आवरून ऐकत असू.

ते सगळं चांगलंच होतं असं मी म्हणणार नाही. पाणी भरण्यात आणि घरकामात शिष्यांची वर्षं गेली. चिजा लपवल्या गेल्या, आणि कित्येक शिष्यांच्या हाती अस्ताई आली, अंतरा आलाच नाही. मुलींचं तर विचारूच नका. ज्यांना गळा होता आणि गुरूच्या घरी पाठवणारं कुणी नव्हतं, अशा किती जणी ओव्या-आरत्यांवरच थांबल्या, याची मोजदाद कुणी ठेवली नाही.

आज मी पुण्यात शिकवते. तंबोरा मोबाइलमध्ये आहे, तबलाही. काळी पाच म्हटलं की काळी पाच, बोट लावायचा अवकाश. हिंजवडीला नोकरी करणारी माझी एक विद्यार्थिनी कंपनीची बस यायच्या आत खर्ज भरते, तो या सोयीमुळेच. न्यू जर्सीतली मुलगी तिच्या सकाळी भैरव गाते तेव्हा माझ्याकडे दिवेलागण जवळ आलेली असते, तरी तिचा कोमल ऋषभ नीट आंदोलित झाला की मला इथं सकाळ झाल्यासारखं वाटतं. रेकॉर्डिंगचा तर मोठा उपकार आहे. आपण कुठे बेसूर होतो हे आम्हाला फक्त बुवांच्या चेहऱ्यावरून कळे, या मुलांना स्वतःच्या कानांनी कळतं.

पण तो पाव तास गेला. बटण दाबलं की सूर तयार आणि मन अजून ऑफिसात. वर फोन आला की तंबोराच बंद पडतो! ऐन आलापात षड्जाची जमीन पायाखालून जाते. फोन घेतला नाही तरी मुलीचा सूर परत बसायला वेळ लागतो, हे मी रोज पाहते. बंदिश सांगताना मुलं निर्धास्त असतात, कारण रेकॉर्ड चालू आहे; मग घरी जाऊन ते ऐकायचं राहून जातं. महिन्याभरात तिसरा राग मागतात, कारण यूट्यूबवर तो समोर आलेला असतो. आळस म्हणावा तर तोही नाही, ही मुलं आमच्यापेक्षा जास्त राबतात. आम्हाला जी चौकट आयती मिळाली, ती त्यांना दररोज स्वतः उभी करावी लागते, आणि हे काम फार दमवणारं आहे.

‘ताई, रोज किती तास करू?’ असं विचारतात. मी तास सांगत नाही, वेळ ठरवायला सांगते. सहा म्हणजे सहा, जागा तीच, सतरंजी तीच, फोन एअरप्लेन मोडवर. वीस मिनिटं झाली तरी चालतील. वर्गात मात्र मी मिरजेचाच तंबोरा ठेवला आहे आणि प्रत्येकाला तो पाळीपाळीनं जुळवायला लावते. पहिले काही आठवडे नुसत्या तारा तुटतात. तुटू देत. तार बदलता बदलता कान तयार होतो.

यंदा आषाढापासून यमन चालू आहे आणि दसऱ्यापर्यंत दुसरं काही मिळणार नाही, हे मी सगळ्यांना सांगून टाकलं. काही जण सोडून गेले. राहिले त्यांचा तीव्र मध्यम आता न शोधता जागेवर लागायला लागला आहे.