पाच लाख, पंचवीस लाख आणि आजीची गोळी

नोव्हेंबर २०२४ ची आमची कर्जत-जामखेडची निवडणूक राज्यभर गाजली ती १,२४३ मतांमुळे. रोहित पवार राम शिंदेंपेक्षा तेवढ्याच मतांनी पुढे राहिले. आमच्या फॅमिली ग्रुपवर मात्र मतदानाआधी वेगळेच आकडे भांडत होते. भाजपने एप्रिलमधल्या संकल्पपत्रात सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान भारतमध्ये घेण्याचं वचन दिलं होतं. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत. २९ ऑक्टोबरला ती योजना सुरूही झाली. आठवडाभरात महाविकास आघाडीने २५ लाखांच्या आरोग्य विम्याची गॅरंटी दिली. काकांनी पाच लाखांचं पोस्टर टाकलं की आत्येभाऊ पंचवीसचं टाकायचा.

या भांडणात आजीला कुणी धरलंच नव्हतं. तिच्या आधारवर जन्मतारीख आहे १ जानेवारी १९५९. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस १ जानेवारीलाच असतो, कारण कार्ड काढताना अंदाजे साल सांगितलं जातं. वडिलांचा जन्म १९७० चा. म्हणजे आधारप्रमाणे आजी अकराव्या वर्षी आई झाली! आमच्या ऑफिसात असा डेटा पहिल्याच चाचणीत अडकला असता. सरकारी हिशेबात मात्र ती २०२९ मध्ये सत्तरीची होईल.

तसं तिचं फारसं बिघडलं नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सगळ्यांना लागू आहे, तीही पाच लाखांपर्यंत. मागच्या उन्हाळ्यात आजीचा डावा हात अचानक लुळा पडला, बोलणं जड झालं. वडिलांनी गाडी करून तिला नगरला नेलं, सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर. रेशनकार्ड आणि आधार दाखवलं, मंजुरी आली, सहा दिवस ॲडमिट होती. बिल शून्य. योजना चालते, हे मी कुणाशीही वाद घालून सांगेन.

पण डॉक्टरांनी विचारलं, बीपीची गोळी रोज घेत होतात का? आजी आधी गप्प बसली. मग म्हणाली, "एक दिवसाआड घ्यायचे. पाकीट पुरवून पुरवून खाल्लं."

बीपी आणि शुगर मिळून तिच्या गोळ्या महिन्याला साडेअकराशेच्या. सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, पण कधी एक असते तर दुसरी नसते, आणि रिक्षा करून जाऊन रिकाम्या हाताने यायचं तिला जिवावर येतं. वडील पैसे द्यायचे. तीच त्यातले वाचवायची. वर्षाचे होतात १३,८००. पाच लाखांत तिला छत्तीस वर्षं गोळ्या पुरल्या असत्या. पण या योजना ॲडमिट झाल्यावरच्या. झटका आला की पैसे मिळतात, झटका टाळणाऱ्या गोळीला नाहीत. घरी आल्यावर थोड्या दिवसांची औषधं मिळाली, मग पुन्हा मेडिकलची पायरी. आघाडीच्या गॅरंटीत 'मोफत औषधं' असे दोन शब्द होते, पण आमच्या ग्रुपवर त्यावर कुणी भांडलं नाही. पोस्टरवर पंचवीस हा आकडाच मोठा दिसतो.

मी पुण्यात ज्या प्रोजेक्टवर आहे त्याचा क्लायंट अमेरिकन विमा कंपनी आहे, म्हणून मेडिकेअर रोज डोळ्यांसमोर असतं. तिथे पासष्टीपुढच्यांसाठी ही सरकारी योजना १९६५ साली आली. तिच्यातही घरी घ्यायच्या गोळ्या जवळजवळ नव्हत्याच. २००० च्या निवडणुकीत बुश आणि गोर दोघांनाही म्हाताऱ्यांच्या औषधांबद्दल बोलावं लागलं; २००३ मध्ये कायदा झाला, २००६ पासून गोळ्या मिळू लागल्या. २०२३ पासून मेडिकेअरवाल्यांना इन्सुलिन महिन्याला ३५ डॉलरपेक्षा महाग पडत नाही. चाळीस वर्षं लागली, पण तिथला उमेदवार आता गोळीच्या किमतीवर मत मागतो.

आणि हे जामखेडला बाहेरून शिकायला लागावं? १९७० मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर जोडप्याने इथेच काम सुरू केलं. गावातल्याच बायका निवडल्या, बऱ्याचशा निरक्षर, आणि त्यांना आरोग्य शिकवलं. आजार दारातच ओळखायचा, हा त्यामागचा विचार. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७५ च्या पुस्तकात जामखेडवर वेगळं प्रकरण आहे. १९७९ मध्ये आरोळेंना मॅगसेसे मिळालं. परदेशातून लोक आमच्या गावी शिकायला येतात. आमच्या प्रचारात मात्र हा विषय मला कुठेच ऐकू आला नाही.

परवा एक कार्यकर्ता घरी आला होता, कोणत्या पक्षाचा ते सोडा. "आज्जी, कार्ड काढलं का? सगळं फुकट हाये."

आजी म्हणाली, "ॲडमिट व्हायला फुकट हाये रं. न होण्याला किती देता?"

त्याने डायरीत तिचं नाव आणि मोबाइल नंबर लिहून घेतला. नंबर वडिलांचा आहे. अजून फोन आलेला नाही. मी तिला आठ खणांची डबी आणून दिली आहे, सात वारांची आणि एक जादा, आणि रोज रात्री नऊला व्हिडिओ कॉलवर ती आजचा खण उघडून दाखवते.