आकाशातल्या खाणी

लघुग्रहांवर खाणी खोदून माणूस गडगंज होणार, अशा बातम्या अधूनमधून येत असतात. त्यांत एक आकडा हमखास असतो. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यात ‘सायकी’ नावाचा लघुग्रह आहे. १८५२ साली नेपल्सहून तो प्रथम दिसला. सुमारे सव्वादोनशे किलोमीटर रुंद, आणि अंगात भरपूर धातू. त्याची किंमत म्हणे एकावर एकोणीस शून्ये, तीही डॉलरमध्ये! साऱ्या जगाची वर्षाची कमाई याच्या लाखाव्या हिश्शाच्या आसपास भरते.

हा आकडा आला कुठून? नासाच्या सायकी मोहिमेच्या प्रमुख लिंडी एल्किन्स-टँटन यांनी लोखंडाच्या बाजारभावाने केलेला तो ढोबळ हिशेब. हा माल पृथ्वीवर आणण्याचे तंत्र आपल्याकडे नाही, आणि आणलाच तर बाजार कोसळेल, हेही त्यांनीच सांगितले होते. पण बातम्यांत शून्ये तेवढी राहिली, पुढचे वाक्य गळले! ऑक्टोबर २०२३ मध्ये निघालेले यान तिथे २०२९ साली पोचणे अपेक्षित आहे, तेही फक्त अभ्यासासाठी.

भाव म्हणजे काय, हे आपल्या गोव्याला कुणी शिकवायला नको. डिचोली-सांग्याकडचे डंप आठवा. हलक्या प्रतीचे खनिज म्हणून वर्षानुवर्षे टाकून दिलेली ती माती. २००० नंतर चीनची मागणी वाढली आणि त्याच मातीला भाव आला. रस्त्यावर ट्रकांच्या रांगा, मांडवीत बार्जींच्या रांगा. माती तीच होती, बदलले ते गिऱ्हाईक.

आता हाच न्याय आकाशाला लावा. जगातल्या खाणींतून वर्षाला दोनशे टनांच्या आतच प्लॅटिनम निघते, म्हणून ते महाग. लघुग्रहावरून एकदम हजार टन उतरवले तर तो भाव टिकेल का? १८८४ साली वॉशिंग्टनच्या स्मारकाच्या शेंड्यावर मौल्यवान म्हणून अल्युमिनियम बसवले होते. दोनच वर्षांनी ते स्वस्तात काढण्याची रीत सापडली. आज त्याची पातेली घरोघर आहेत.

आणि खर्च? बेन्नू लघुग्रहावरून २०२३ साली नासाने आणलेली माती १२१.६ ग्रॅम, म्हणजे दहा तोळ्यांहून थोडी जास्त. मोहिमेचा खर्च शंभर कोटी डॉलरहून अधिक. २०१२ साली गाजावाजा करून पुढे आलेली ‘प्लॅनेटरी रिसोर्सेस’ ही कंपनी २०१८ साली विकली गेली. २०२५ मध्ये ‘अ‍ॅस्ट्रोफोर्ज’ने पाठवलेल्या यानाशी संपर्क तुटला. त्यातल्या त्यात खरी आशा आहे ती तिथल्या पाण्याची. त्याचे इंधन करून अंतराळातच वापरता आले, तर पृथ्वीवरून वर चढवायचा खर्च वाचेल. म्हणजे तिथला माल तिथेच खपणार!

मला मात्र भावापेक्षा मालकीचा प्रश्न मोठा वाटतो. १९६७ च्या करारानुसार कुठल्याही देशाला आकाशस्थ गोलावर सार्वभौम हक्क सांगता येत नाही. पण २०१५ च्या अमेरिकन कायद्याने तिथून काढलेल्या मालावर काढणाऱ्या अमेरिकन नागरिकाचा हक्क मानला. २०१७ साली लक्झेंबर्गनेही तसाच कायदा केला. जमीन कुणाचीच नाही, खनिज मात्र जो काढील त्याचे!

हे आपल्याला कुठेतरी ओळखीचे वाटत नाही का? पोर्तुगीज अमदानीतल्या खाण-कन्सेशनांचे रूपांतर भाडेपट्ट्यांत व्हायला १९८७ साल उजाडले. विक्रीतला दहा टक्के वाटा पुढच्या पिढ्यांसाठी कायमच्या निधीत टाका, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले ते २०१४ साली. तोवर किती डोंगर बोटींतून गेले होते! त्याआधी २०१२ साली खाणी बंद पडल्याच होत्या, २०१८ साली पुन्हा बंद पडल्या. कर्ज काढून ट्रक घेतलेल्यांच्या दारात ट्रक तसेच उभे राहिले. भरभराटीच्या काळात हा हिशेब मागणारे विकासाचे वैरी ठरत होते.

आकाशातल्या खाणीतून विक्रीजोगा एक टनही माल अजून निघालेला नाही. म्हणूनच वाटा कुणाचा हे ठरवायची वेळ हीच आहे. पहिला माल उतरल्यावर ते ठरवायला बसलो तर काय होते, हे डिचोलीत कुणालाही विचारावे.