सरखेल

सरखेल हा शब्द मूळचा घोडेस्वार. फारसीतले ‘सर’ म्हणजे प्रमुख आणि अरबीतले ‘खैल’ म्हणजे घोडी, घोडदळ. दिल्लीच्या सुलतानांच्या काळी दहा निवडक स्वारांवरच्या माणसाला सरखेल म्हणत. झियाउद्दीन बरनीने आपल्या इतिहासात ती उतरंड दिली आहे: दहा सरखेलांवर एक सिपहसालार, दहा सिपहसालारांवर अमीर, मग मलिक, मग खान. म्हणजे आमच्या या गृहस्थाची जागा अगदी तळाशी. दरबारात त्याच्याकडे कोणी मान वळवूनही पाहिले नसेल. हाच शब्द पुढे कोकणात उतरला, घोडा सोडून गलबतावर चढला आणि अष्टागराच्या समुद्राचा धनी झाला. शब्दांनीही असे नशीब काढावे, याचे मला फार कौतुक वाटते.

त्याच्या स्वभावातला चिवटपणा आधी सांगायला हवा. 1674 मध्ये रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि कारभाराच्या भाषेनेही नवी वस्त्रे घातली. पेशवा मुख्य प्रधान झाला, मुजुमदार अमात्य झाला, सरनौबत सेनापती झाला. महाराजांनी त्यासाठी राज्यव्यवहारकोश करवून घेतला. डोंगरावर हे चालले असताना समुद्रावर दर्यासारंगासारखी जुनी नावेच चालत राहिली आणि पुढे सरखेलही त्यांच्यात येऊन बसला. मला यात कारभाराचा विसर दिसत नाही, व्यवहाराची जाण दिसते. गुजराती व्यापारी, अरब नाखवा, सुरतेचा मोगल अंमलदार या साऱ्यांना ज्याचा अर्थ ऐकताक्षणी कळेल असेच नाव दर्यावर चालते.

राजारामांच्या काळात आरमार सिधोजी गुजरांकडे होते. त्यांच्यानंतर हा शब्द कान्होजी आंगऱ्यांकडे आला आणि तिथे त्याला खरे घर मिळाले. ताराबाई आणि शाहू यांच्या गादीच्या वादात कान्होजी ताराबाईंच्या पक्षाचे. शाहू महाराजांनी पेशवे बहिरोपंत पिंगळ्यांना त्यांच्यावर धाडले, तर कान्होजींनी पेशव्यांनाच कैद केले. मग बाळाजी विश्वनाथ बोलणी करायला आले. 1714 मध्ये तह ठरला. कान्होजींनी शाहूंना छत्रपती मानले आणि शाहूंनी किल्ले, आरमार आणि सरखेली कान्होजींकडे कायम केली. या तहात या शब्दाची सगळी नीती आहे. सरखेल समुद्रावर सर्वोच्च, पण छत्रपतींच्या खाली. स्वतंत्र राजा म्हणवून घेण्याइतके बळ असलेल्या माणसाने आपल्या नावापुढे दुसऱ्याने दिलेले पद लिहिले.

ते का लिहिले, हे समुद्राकडे पाहिले की कळते. चौल-रेवदंड्याला पोर्तुगीज होते. त्यांच्या राजाचा परवाना, कार्ताझ, जवळ नसेल तर ते जहाज जप्त करीत, आणि ही रीत सोळाव्या शतकापासूनची. जंजिऱ्याला मोगलांचे आरमार सांभाळणारा सिद्दी होता. मुंबईला इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी. एवढ्याशा किनाऱ्यावर चार चार मालक, आणि प्रत्येक जण वाट अडवायचा हक्क आपला म्हणणारा. कान्होजींनी दस्तक सुरू ठेवले. सरखेलांचे दस्तक घ्या, जकात भरा आणि सुखरूप जा. दस्तक नसेल तर गुराबा आणि गलबते पाठीशी लागत. काम पोर्तुगीजांचे होते तेच. पण पोर्तुगीज अडवत तेव्हा तो राजाचा कायदा आणि कान्होजी अडवत तेव्हा ती चाचेगिरी, असे कंपनीच्या कागदांनी ठरवले. जकात आणि लूट यांच्या मधल्या उंबरठ्यावर हा शब्द उभा होता. त्याला मान्यता दिली तर समोरचा अधिकारी, नाकारली तर दरोडेखोर. म्हणून इंग्रज तो शब्द मानायला तयार नव्हते. त्यांनी कागदावर नाकारलेला शब्द तोफांनीही खोडून पाहिला. 1718 मध्ये खांदेरीवर हल्ला केला, 1721 च्या अखेरीस पोर्तुगीजांना बरोबर घेऊन कान्होजींच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले. कुलाबा पडला नाही.

हा सरखेल झुकत नव्हता असे मात्र नाही. गुरू ब्रह्मेंद्रस्वामी धावडशीकरांशी आंगरे घराण्याचा पत्रव्यवहार उपलब्ध आहे. तिथे सरखेलीचा तोरा उतरतो. स्वामी रागावतात, आज्ञा करतात, आणि समुद्राचे धनी शिष्याच्या जागी बसलेले दिसतात. छत्रपतींपुढे तहाने वाकलेला हा शब्द स्वामींपुढे भक्तीने वाकतो.

4 जुलै 1729 रोजी कान्होजी अलिबागला वारले. 1733 मध्ये त्यांचे पुत्र सेखोजी गेले आणि भाऊबंदकी उघड झाली. 1735 मध्ये पेशवे बाजीरावांनी उरलेल्या भावांत वाटणी करून दिली: संभाजी आंगऱ्यांकडे सुवर्णदुर्गाकडचा भाग आणि ‘सरखेल’, मानाजींकडे कुलाबा आणि नवा किताब ‘वजारतमाब’. भांडण मिटवायला दोन मान दिले. पण समुद्रावरचा सर्वाधिकार वाटून घेता येत नाही. 1756 मध्ये पेशवे आणि इंग्रज मिळून विजयदुर्गावर गेले, तुळाजी आंगरे कैद झाले आणि आरमार जळाले, हे सारे खरेच. तरी माझ्या मते सरखेली बुडाली ती 1735 मध्ये, घरातल्या घरात. विजयदुर्गाच्या आगीत राख झाली ती तिच्या गलबतांची. कुलाब्याची गादी रडतखडत 1840 पर्यंत चालली. वारस उरला नाही म्हणून कंपनीने ती खालसा केली, आणि कान्होजींच्या हिराकोटात पुढे तुरुंग आला.

आज मुंबईत नौदलाचे ‘आयएनएस आंग्रे’ आहे, 1951 पासून. नाव घराण्याचे राहिले, पद गळाले. अलिबागला समाधीजवळ उभे राहून लोक मुलांना ‘मराठ्यांचे ॲडमिरल’ अशी ओळख करून देतात. शत्रूने जो शब्द मान्य करायला नकार दिला, तो आपणही का सोडावा? शाळेच्या धड्यात, फलकावर, भाषणात त्यांचे नाव घ्याल तेव्हा पुरते घ्या: कान्होजी आंगरे सरखेल.