पाण्यावरचा रविवार

सुट्टीचा दिवस कशासाठी असतो, याचे उत्तर प्रत्येक गावाच्या पाण्यावर अवलंबून असते, असे आम्हां लातूरकरांना वाटू लागले आहे. आमच्या गावी नळाला रोज पाणी येत नाही. त्यामुळे घरातल्या दिनदर्शिकेवर दोन प्रकारच्या खुणा असतात: एक सणवारांच्या आणि दुसऱ्या पाणी येण्याच्या. पाणी ज्या दिवशी येते, त्या दिवशी धुणे, सडा-सारवण, हौद घासणे, पिंपे भरणे अशी सारी कामे अंगावर येतात. मग तो शनिवार असो की रविवार.

नाताळाचे दिवस सरून तीन राजांचा सण झाला, की एक शनिवार-रविवार आम्ही नांदेडला आत्याबाईंकडे जातो. लातूरहून चाकूर, अहमदपूर, लोहा करीत एसटी नांदेडला पोहोचेपर्यंत निम्मा दिवस जातो. आत्याबाईंचे वय झाले आहे. मुले पुण्याला असतात आणि चार खोल्यांचे घर त्या एकट्या सांभाळतात. त्यांना आपल्याकडे आणावे, हा विषय या खेपेला आम्ही मनाशी पक्का करूनच निघालो होतो.

शनिवार कामात गेला. प्रथम गव्हाणी उतरवली. मेंढ्या, उंट, मेंढपाळ यांना जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवले, दारावरची चांदणी काढून तिच्या काड्या मोकळ्या केल्या. मग माळ्यावरची पितळेची भांडी चिंचेने लखलखीत केली, गोधड्या गच्चीवर उन्हात टाकल्या, रांजण आतून घासून पालथा घातला. आत्याबाई पाटावर बसून ज्वारी निवडत होत्या. निवडलेल्या धान्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला मिसळून त्या कोठी भरवून घेत होत्या आणि कोणते भांडे कोठे ठेवायचे हे बसल्या जागेवरून सांगत होत्या.

“आत्याबाई, आता हा व्याप पुरे. आमच्याकडे चला. तिथं तुम्हांला कशालाही हात लावावा लागणार नाही,” आम्ही म्हणालो.

त्यांनी सुपातून मान वर केली नाही. “येईन की. पण तिकडं पाणी किती दिवसांनी येतंय?”

या प्रश्नामागे 2016 चा उन्हाळा होता. मांजरा धरण कोरडे पडले होते आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. 12 एप्रिल 2016 रोजी पहिली गाडी आली, तेव्हा तिच्या 10 वाघिणींत सुमारे 5 लाख लिटर पाणी होते. सुमारे 340 किलोमीटरवरून आलेले ते पाणी पाहायला लोक स्थानकावर जमले होते. त्या उन्हाळ्यात आमच्या घरी तांदूळ धुतलेले पाणी भाजीला, भाजी धुतलेले पाणी भांड्यांना आणि भांड्यांचे पाणी अंगणातल्या जास्वंदीला जात असे. आत्याबाईंनी हे सारे ऐकलेले होते. आपल्यापायी घरात दोन घागरी जास्त लागतील, ही त्यांची खरी अडचण होती. त्यांनी ती बोलून दाखवली नाही, एवढेच.

रविवारी सकाळची मिस्सा झाल्यावर आम्ही रिक्षाने विष्णुपुरीला गेलो. गोदावरी तेथे अडवलेली आहे. त्या शंकरसागर जलाशयाचे पाणी पंपांनी उचलून कालव्यांत सोडतात, नांदेड शहराची तहानही त्यावरच भागते. नदीकाठच्या गावात सारा जन्म गेला, तरी आत्याबाई नावेत कधी बसल्या नव्हत्या. एका ओळखीच्या भोईदादांनी आम्हांला घडीभर फिरवून आणण्याचे कबूल केले होते. आत्याबाईंचा हात धरून त्यांनी त्यांना मधल्या फळीवर बसवले, लुगड्यावरून तरंगते जाकीट बांधले आणि वल्हे पाण्यात घातले.

थंडीतले ऊन अंगाला गोड लागत होते. एका खुंटावर पाणकावळा पंख पसरून वाळवत बसला होता. आमच्यापैकी कोणीही बोलत नव्हते. आत्याबाईंनी हळूच हात बाहेर काढून बोटे पाण्यात सोडली आणि बराच वेळ तशीच ठेवली. एवढे पाणी, आणि ते भरायचे नाही, मोजायचे नाही, झाकून ठेवायचे नाही!

थोड्या वेळाने मात्र त्यांच्यातली गृहिणी जागी झाली. “नाव रोज धुता का, दादा?” त्यांनी विचारले. भोईदादा हसले. नावेचेही घरासारखेच असते, असे त्यांनी सांगितले. तळात साचलेले पाणी उपसायचे, फाटलेले जाळे सांधायचे, वर्षाकाठी डांबर द्यायचे. “आणि मावशी, नाव पाण्यात असली की धड राहते. चार महिने काठावर उपडी पडली, की फळ्या आटतात, सांधे उघडतात. मग पाण्यात घातली की गळायला लागते.”

हे ऐकताना आम्हांला गालीलच्या सरोवरातली नाव आठवली. 1986 साली तेथे मोठा दुष्काळ पडला, सरोवराचे पाणी मागे हटले आणि उघड्या पडलेल्या चिखलात दोन मच्छीमार भावांना सुमारे 2000 वर्षांपूर्वीची नाव सापडली. ती 8 मीटरांहून थोडी अधिक लांब आहे. प्रभू येशूच्या काळातल्या कोळ्यांची नाव कशी असे, ते तिच्यावरून कळते. तिच्यात दहाहून अधिक जातींचे लाकूड आहे. मिळेल तो तुकडा लावून कोणी तरी ती पुन्हा पुन्हा दुरुस्त केली होती. चिखलाच्या ओलीत ती टिकली. बाहेर काढल्यावर वाळून तडकू नये म्हणून ती आधी ओलीच ठेवावी लागली आणि पुढे कित्येक वर्षे तिच्यावर प्रक्रिया चालली. प्रभूने याकोब आणि योहान यांना हाक मारली, तेव्हा ते नावेत बसून जाळी नीट करीत होते, असे मार्कच्या शुभवर्तमानात आहे. त्याच शुभवर्तमानात प्रभू वादळात नावेच्या मागच्या भागात उशी घेऊन झोपलेला दिसतो. काम आणि विसावा, दोन्ही एकाच नावेतले.

आत्याबाईंना आम्ही ही हकिगत सांगितली. त्या ऐकत राहिल्या. काठ जवळ आला तेव्हा म्हणाल्या, “मग मला हात लावू देणार नाही, असं कशाला म्हणता? मी का काठावर उपडी घालायची नाव आहे?”

आमच्याजवळ याला उत्तर नव्हते. कष्टांतून मोकळे करणे म्हणजेच मान राखणे, असे आपण वडीलधाऱ्यांच्या बाबतीत धरून चालतो. परंतु ज्या हातांनी पन्नास वर्षे घर चालवले, त्या हातांतून सूप काढून घेतले, तर त्यांच्याकडे उरते काय? रविवारचा विसावा गोड लागतो, कारण त्यामागे शनिवार असतो. वृद्धांच्या वाट्याला आपण नुसतेच रविवार देऊ करतो.

संध्याकाळी गोधड्या घडी घालताना बोलणी ठरली. राखेच्या बुधवारी आत्याबाई लातूरला यायच्या, ईस्टरपर्यंत राहायच्या. पुढचे पुढे पाहायचे. अट एकच: धान्य निवडणे आणि पाण्याचा हिशेब त्यांच्याकडे. पालथा घातलेला रांजण त्यांनी सुलटा करून पाहिला, बोटांनी वाजवला आणि म्हणाल्या, “एसटीत बसेल का हा? एक घागर तुमच्या वाट्याची कमी व्हायला नको.”