तोळाभर ऋण

ज्या विद्येवर माझं पोट चाललं तिची बाराखडी मी माटुंग्याच्या यूडीसीटी या रसायनतंत्रज्ञानाच्या कॉलेजात गिरवली. पण त्या विद्येतलं जे पुढे खरोखर उपयोगी पडलं, त्यातलं बरंचसं मस्कतच्या एका घरमालकीणबाईंकडून आलेलं आहे. प्रयोगशाळेची पायरी त्या कधी चढल्या नव्हत्या. शेजारपाजारच्या सगळ्या बिऱ्हाडांच्या त्या खाला होत्या, तशा आमच्याही झाल्या.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस साबण-शांपूंना सुगंध पुरवणाऱ्या एका कंपनीत नोकरीसाठी मी तिकडे गेलो. मत्रहच्या जुन्या वस्तीत खालच्या मजल्यावर खाला राहायच्या, वर आम्ही. त्यांच्या वडिलांचा मुंबईशी व्यापार होता, त्यामुळे खालांची हिंदी ऐसपैस होती आणि जुन्या किमती त्यांच्या तोंडी रुपयांतच यायच्या. त्यात नवल नव्हतं. भारताने आखातासाठी छापलेला रुपया मस्कतमध्ये १९७० पर्यंत चालत होता. अत्तर तर तिथे आजही तोळ्यावर विकलं जातं.

कॉलेजात आम्ही गंध शिकलो तो ब्लॉटरवर. कागदाची पट्टी बुडवायची, नाकाशी धरायची, आधी काय उडतं आणि शेवटी काय उरतं ते वहीत लिहायचं. एकदा प्रयोगशाळेत जुळवलेला उदाचा नमुना मी अशाच पट्टीवर खालांना दाखवायला नेला. त्यांनी हुंगला, बरा आहे म्हणाल्या, आणि विचारलं, "कागदाला घाम येतो का रे?" मग माझी बाही वर सरकवून त्यांनी तो मनगटावर लावला आणि मला तासाभराने परत यायला सांगितलं.

गुरुवारी संध्याकाळी त्यांच्याकडे दुसऱ्या दिवशीच्या नमाजासाठी कपड्यांना धुरी द्यायचा कार्यक्रम असे. लाकडी पट्ट्यांचा एक सांगाडा होता. त्यावर दिशदाशा म्हणजे पायघोळ अंगरखा पसरायचा, खाली निखाऱ्याचं मातीचं धुपाटणं ठेवायचं आणि त्यात बखूर टाकायचं. हे बखूर त्या घरीच करत. उदाचा चुरा, चंदनाची पूड, गुलाबपाणी, कस्तुरी, साखरेचा पाक. मापं सगळी मुठीची आणि चिमटीची. सकाळी अंघोळीनंतर कानामागे उदाचं तेल, त्यावर गुलाबाचं अत्तर, मग धुरी दिलेले कपडे. ओमानी दिशदाशाच्या गळ्याशी एक छोटा गोंडा लोंबतो, तो शेवटी अत्तरात बुडवायचा. बायकांचं अत्तर वेगळं, पुरुषांचं वेगळं, असा भेद त्या घरात नव्हता. फ्रेंच स्प्रेची बाटलीही होती. तिचा नंबर सगळ्यांत शेवटी लागायचा.

हल्ली सुगंधाच्या धंद्यात याच गोष्टीला लेयरिंग म्हणतात आणि तिची प्रशिक्षणं होतात. मला ती गोष्ट जिन्यात उभ्याउभ्या शिकायला मिळाली.

रसायनशास्त्र मला येत होतं, पण नेमकं कुठे वापरायचं ते खालांमुळे कळलं. ओमानमधल्या धोफारच्या डोंगरात बोस्वेलियाच्या झाडाची साल तासतात, चीक वाळून त्याचे खडे होतात, तो लुबान. त्याचं तेल काढलं तर लिंबाच्या सालीसारखा, चीडाच्या सुयांसारखा ताजा वास येतो, कारण उडून येतात ती हलकी टर्पिनं. जड राळ मागेच राहते. निखाऱ्यावर मात्र तीच राळ जळते आणि दर्ग्या-चर्चमधला ओळखीचा वास येतो. उदाचंही तसंच. अक्विलारियाचं, म्हणजे अगरवृक्षाचं, निरोगी लाकूड पांढरं, हलकं, बिनवासाचं असतं. जखम झाली, बुरशी शिरली की झाड राळ धरतं. त्या राळेतली काही द्रव्यं चांगली तापल्याशिवाय बोलतच नाहीत. म्हणून उदाचं तेल गोठ्याची, चामड्याची आठवण देतं आणि धूर गोड येतो. ‘अरबी वास हवा’ असं गिऱ्हाईक म्हणतं तेव्हा त्याला तेल हवंय की धूर, हा माझा पहिला प्रश्न असतो. तो खालांचा प्रश्न आहे.

पाहुणे निघायच्या बेताला आले की धुपाटणं हातोहात फिरे. जो तो दाढीखाली, ओढणीखाली धूर घेई आणि उठे. उदानंतर बसायचं नाही, अशी आखातात म्हणच आहे. आपल्याकडे हळदीकुंकवाला मनगटावर अत्तर लावतात, त्याचीच ही मोठी बहीण. यजमानाने दिलेला वास अंगावर घेऊन माणूस घरी जातो.

पुढे मी मुंबईला परतलो. त्याच्या बरंच आधी, १९८३ मध्ये, ओमानच्या राजघराण्याच्या पुढाकाराने अमुआज हे अत्तरांचं घराणं सुरू झालं होतं आणि त्यांचं ‘गोल्ड’ गी रोबेर या फ्रेंच अत्तरकाराने घडवलं होतं. पण युरोपच्या दुकानांत ऊद गाजू लागला तो नंतर. २००२ मध्ये टॉम फोर्डच्या देखरेखीखाली इव्ह सेंट लॉरांचं ‘एम७’ आलं, ते फारसं खपलं नाही. २००७ मध्ये टॉम फोर्डने स्वतःच्या नावाने ‘ऊद वूड’ आणलं आणि पुढच्या काही वर्षांत डिओपासून रूम फ्रेशनरपर्यंत प्रत्येकाला ऊद हवा झाला. खरा ऊद त्या भावात बसत नाही. आसामच्या अगरवृक्षाच्या व्यापारावर १९९५ पासून आंतरराष्ट्रीय बंधनंही आहेत. त्यामुळे बाटलीतला बहुतेक ऊद प्रयोगशाळेत जुळवलेला असतो. मीही जुळवले. त्यातला जो सर्वांत चालला त्याची रचना खालांच्या बखूरची होती: मध्ये गुलाब, खाली चंदन आणि कस्तुरी, वर धुराची छटा.

तो बाजारात जाण्याआधी मी त्यांना फोन केला. तुमची कृती वापरतोय, तुमचं काहीतरी देणं लागतो, म्हटलं. त्या हसल्या. "ऊद तुमच्या आसामचा, चंदन म्हैसूरचं, गुलाब ताइफचा. लुबान तेवढा आमचा. मी हिशोब करायला बसले तर मलाच किती जणांना पैसे द्यावे लागतील!"

बोलणं त्यांचं अचूक होतं. आसामातल्या होजाईहून ऊद मुंबईत यायचा आणि मुंबईहून आखातात जायचा. अजमल हे आज दुबईत गाजणारं नाव याच वाटेवरचं, होजाईचे हाजी अजमल अली यांनी १९५१ मध्ये सुरू केलेलं. नवव्या शतकात बगदादच्या अल्-किंदीने सुगंधांच्या शंभरावर कृती लिहून ठेवल्या, त्यातही दूरदेशीचा माल होताच. ज्याला जग अरबी सुगंध म्हणतं तो निम्मा उसनवारीवर उभा आहे. अरबांनी त्याला शिस्त दिली, रीत दिली, पाहुण्याच्या हातात धुपाटणं दिलं. मोहिनी आहे ती या रीतीची. नुसत्या लाकडाला ती नसती आली.

पण खालांचा हिशोब त्यांच्यापुरता. माझा वेगळा आहे. आता त्या नाहीत. माझ्या हाताखाली शिकायला येणाऱ्या मुलांना मी सुरुवातीला ब्लॉटर देत नाही. सुती कापड देतो, निखारा देतो, त्यांच्याच मनगटावर थेंब लावतो आणि तासाभराने या म्हणतो. एवढं व्याज दरवर्षी जातं. मुद्दल मागायला त्या असत्या, तरी मागितलं नसतं.