फांदीला फांदी भिडू दे

चि. मुक्ता,


वनरक्षक म्हणून तुझी पहिली नेमणूक भीमाशंकरला झाल्याचं ताईनं कळवलं. आता शेकरू बघायला म्हणून नातलगांची रीघ लागेल, आणि त्या रांगेत मीही असणारच. त्याआधी मामाच्या चार ओळी ऐकून घे.

हे अभयारण्य 1985 साली मुख्यतः या एका प्राण्यासाठी झालं. पण कुणीतरी तुला कागद दाखवून सांगेलच, की संकटग्रस्त प्राण्यांच्या जागतिक यादीत शेकरू ‘कमी चिंतेच्या’ रकान्यात आहे. खरं आहे ते. केरळपर्यंत आणि मध्य भारतातही शेकरू आहे, म्हणून तो रकाना. अशा माणसाला डांगचं सांग. गुजरातेत, डांगच्या जंगलात फिकट रंगाच्या शेकरूची एक उपजात होती. 1897 मध्ये ब्लॅनफर्डनं तिला नाव दिलं. आज ती तिथून नाहीशी झाली असं मानतात. यादीतला रकाना मात्र आजही कमी चिंतेचाच आहे. सह्याद्रीतल्या शेकरूची उत्तरेची वेस खाली सरकली ती अशी, आणि तुझं जंगल आता त्या वेशीजवळचं आहे.

वेशीवरचं जगणं मुळात तंग असतं. पाऊस धो धो कोसळतो, पण चारच महिने. पुढचे आठ कोरडे. सदाहरित झाडी उरते ती माथ्यावर आणि घळींमध्ये, तुकड्यातुकड्यांनी. दीड-दोन किलोचं हे जनावर क्वचितच जमिनीवर उतरतं. अंजनी, जांभूळ, उंबर करत शेंड्याशेंड्यानं हिंडतं, बिया झाडावरच साठवतं. उडी म्हणशील तर वीसेक फुटांची. रस्ता रुंद करताना दोन्ही कडांची झाडं गेली, की वरची फट त्याहून मोठी होते. मग शेकरूला एक तर अलीकडेच राहावं लागतं, नाहीतर खाली उतरावं लागतं, आणि खाली गाड्या असतात, कुत्री असतात. बंदुकीची भीती जुनी झाली गं, आता भीती या फटीची.

घरटी मोजायचं काम तुझ्या वाट्याला येईल. जरूर मोज, पण त्या आकड्यावर फार विसंबू नकोस. एकच शेकरू बरीच घरटी बांधतं, त्यातली काही नुसती ओस असतात. दिसलेलं जनावर आणि खाल्लेल्या फळांचा सडा यांच्यावर माझा जास्त भरवसा. आणि देवळाकडे बिस्किटं टाकणारे भेटले, तर गोड बोलून पिशव्या बंद करायला लाव.

खरी गोष्ट हिरड्याची. महादेव कोळ्यांच्या कित्येक घरांना बाळहिरड्यातूनच, म्हणजे हिरड्याच्या कोवळ्या वाळवलेल्या फळांतूनच, हाती रोकड येते. झाडं त्यांच्या मालकीच्या रानात, बांधावर, अभयारण्याच्या रेघेबाहेरही उभी आहेत, ती याच कमाईमुळे. या झाडांच्या फांद्यांवरूनच शेकरू एका तुकड्यातून दुसऱ्यात जाऊ शकतं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, त्यात आंबेगाव-जुन्नरकडचे हिरडे उन्मळून पडले. लोक भरपाई मागत होते. मला तेव्हा त्या मागणीत शेकरूचाही अर्ज दिसत होता. हिरड्याला भाव नसेल तर ते झाड कोळशाच्या भट्टीत जायला वेळ लागत नाही. म्हणून बाळहिरड्याच्या खरेदीची चौकशी वनरक्षकानंही करावी, असं माझं मत. हे आपलं खातं नाही, असं ऑफिसात कुणी म्हणेल. म्हणू दे. गावातल्या म्हाताऱ्यांशी ओळख वाढव. आहुप्यासारख्या देवराया त्यांच्याच धाकानं उभ्या राहिल्या आहेत.

तुला एकच काम सांगतो. घोडेगावकडून वर येणाऱ्या रस्त्याच्या जंगलातल्या टप्प्यात, जिथे जिथे दोन्ही कडांच्या फांद्या अजून डोक्यावर एकमेकींना भिडतात, त्या जागा वहीत मांडून ठेव. झाडाचं नाव, जवळची खूण, शक्य तर फोटो. उद्या तोडायच्या झाडांवर खुणा करायला माणसं आली, की ही वही साहेबांपुढे ठेवता येईल. जिथे फांद्या भिडायच्या थांबल्या आहेत तिथे लावायला रोपवाटिकेतून हिरडा, जांभूळ, उंबरच माग. गुलमोहर देत असतील तर घेऊ नकोस.

श्रावणातली यात्रा ओसरली की येतो. वही बघायला हवी आहे.

तुझा,
मामा